गिनी पिगला प्रचंड खाज, केस गळणं, खपल्या: अनुभव आणि सल्ला हवा आहे

पावसाची_सर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, दोघी माद्या, नावं भोपळी आणि तीळगूळ. पाऊस सुरू झाल्यापासून भोपळी सारखी खाजवतेय. मागच्या पायाने खांदा खरवडते, मध्येच वळून स्वतःच्या पाठीला चावते. दोन्ही खांद्यांवरचे आणि पाठीवरचे केस विरळ झालेत, खाली पिवळट खपल्या आहेत, मानेपाशी खाजवून रक्त आलंय. हात लावला की किंचाळते. काल रात्री खाजवता खाजवता आडवी झाली आणि फिट आल्यासारखे पाय झाडायला लागली. थोड्या वेळाने आपणहून उठली, पण लेक रडून रडून बेजार झालाय आणि मलाही झोप नाही.

दुकानदाराने गोचिडांची पावडर दिली, "कुत्र्यांना हीच लावतात" म्हणाला. घराजवळच्या दवाखान्यात कुत्री-मांजरीच बघतात. त्यांनी लांबूनच पाहून "ॲलर्जी असेल" म्हणत एक मलम लिहून दिलं. मी दोन्ही बाजूला ठेवलंय, कारण हा प्राणी सतत अंग चाटतो आणि लावलेलं सगळं पोटात जाणार. तीळगूळ अजून ठीक दिसतेय, मात्र तिच्याही कानांच्या मागे केस नाहीत. खाणं म्हणाल तर टिमथी गवत, सशाच्या गोळ्या, काकडी, कोथिंबीर. आम्ही पुण्यात राहतो.

हे नक्की काय असेल? लेकाला काही होणार नाही ना? आणि पुण्यात हे प्राणी नीट बघणारं कोण आहे हे कसं शोधायचं?

झुणका_भाकर

बिचारी भोपळी. उपाय ठाऊक नाही, पण नावं एक नंबर. वाचतोय.

शिंग_खूर_शेपूट

ताई, मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजातून शिकले. आधी गाई-म्हशी बघायचे, आता लहान प्राणीच जास्त बघते. प्राणी न बघता निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की एक गोष्ट ठामपणे सांगते: हे आठवड्यावर ढकलू नका, उद्या दाखवा.

खांद्यांवर आणि पाठीवर टक्कल, पिवळ्या खपल्या, हात लावताच किंचाळणं आणि खाजेने फिट येणं, हे सगळं एकत्र दिसलं की गिनी पिगच्या खरजेचा संशय पहिला येतो. ट्रिक्सॅकॅरस केव्हिए नावाचा अतिसूक्ष्म किडा कातडीत बोगदे करून राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, त्यामुळे "आम्ही केस विंचरून पाहिलं, काहीच नव्हतं" यावर जाऊ नका. काही प्राण्यांच्या अंगावर तो गुपचूप असतो आणि घर बदललं, गाभण राहिली, खाणं कमी पडलं, दुसरा आजार झाला की उसळतो. पायांची ती झाडाझड बहुतेक वेळा असह्य खाजेमुळेच होते, पण तिथवर गोष्ट गेली म्हणजे प्राणी फार त्रासात आहे. नुसत्या खरजेने खाणं सोडून मेलेले गिनी पिग मी पाहिलेत.

डॉक्टर खपलीच्या कडेची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. त्यात किडा सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तरी खरूज नाहीच असं होत नाही, खोल बसलेला किडा पुष्कळदा हुलकावणी देतो. अशा वेळी लक्षणांवरून उपचार सुरू करतात आणि उतार पडतो का ते बघतात. औषध बहुधा आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन. अंड्यांवर आयव्हरमेक्टिन चालत नाही, म्हणून ७ ते १४ दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं. पहिल्या डोसनंतर खाज कमी झाली म्हणून पुढचे चुकवू नका.

तीळगूळला आज लक्षण नसलं तरी उपचार दोघींना एकदम करायचे. आणि कानांच्या मागे केस नसणं नैसर्गिक आहे, सगळ्या गिनी पिगांना तिथे तो मोकळा ठिपका असतो. त्याची काळजी सोडा.

पावडर लावली नाहीत हे फार चांगलं झालं.

करंजाचं_झाड

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे कोकणात शेळ्यांना, बैलांना खरूज झाली की करंजाचं तेल आणि कडुलिंबाचा पाला हेच औषध. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि गुण येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रत्येक गोष्टीला सुई कशाला? एवढ्याशा जिवाला ते तरी झेपेल का?

शिंग_खूर_शेपूट

काका, शेळ्यांचा तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण बैल आपली पाठ चाटून पुसून स्वच्छ करत नाही, गिनी पिग करतो. त्याचं वजन किलोच्या आतबाहेर असतं, त्यामुळे चाटून पोटात गेलेलं थोडं तेलही त्याच्या मानाने खूप होतं. शिवाय तेलाने केस चिकटतात, या हवेत खालची कातडी ओली राहते आणि त्यावर बुरशी चढते.

सुईबद्दल मात्र तुमची भीती रास्त आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून आकडे देते. जनावरांसाठी मिळणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या १ टक्का इंजेक्शनात १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. गाईला साधारण ५० किलो वजनामागे १ मिली देतात. ८०० ग्रॅमच्या गिनी पिगला त्यातला मिलीचा काही शतांश भाग लागतो, म्हणजे सिरिंजवर धड मोजताही न येणारा थेंब. गावात एकाने "थोडंसंच" म्हणून अंदाजाने टोचलं आणि पिलं गेली, असं माझ्याकडे आलेल्या लोकांनीच सांगितलंय. डॉक्टर वजन करून, औषध पातळ करून देतात. घरी हा प्रयोग कोणीही करू नये.

करंजाचं_झाड

पटलं. चाटण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता.

मनूची_आई

आमच्याकडे गिनी पिगच्या नाकावर आणि डोळ्यांभोवती गोल टक्कल पडलं, वर पांढरा कोंडा. खाज फारशी नव्हती. काही दिवसांनी मनूच्या मानेवर लालसर वर्तुळ उमटलं, कारण ती त्याला गळ्याशी धरून बसायची. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात प्राणी आहे का? गजकर्ण निघालं, दोघांनाही. एकाच वेळी उपचार झाले आणि दोघंही बरी झाली. पावसाची सर, तुमच्या लेकाच्या हातांवर, मानेवर, पोटावर रोज नजर टाका.

त्वचा_आणि_मी

मनूची आई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला. मी माणसांचा त्वचारोगतज्ज्ञ, म्हणून माणसांपुरतं लिहितो. गिनी पिग आणि सशांकडून येणारं गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटन जातीच्या बुरशीचं असतं. अनेक गिनी पिगांच्या अंगावर ती असते आणि प्राणी वरून निरोगी दिसतो. मुलांमध्ये ती चांगलीच सुजते, कधी पूही होतो.

माझी कळकळीची विनंती एवढीच की मेडिकलमध्ये न विचारता मिळणारी "तीन औषधं एकत्र" असलेली मलमं लावू नका, ना मुलाला ना प्राण्याला. त्यात बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, लोक खूश होतात आणि आत बुरशी पसरत राहते. आपल्या देशात गजकर्ण आज इतकं चिवट झालंय त्यात या मलमांचा मोठा हात आहे. माझ्या ओपीडीत रोज त्याचे रुग्ण असतात.

गिनी पिगच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर काही काळ चावू शकतो. हातांवर बारीक खाजरे पुरळ येतात. तो माणसावर घर करून राहत नाही, प्राणी बरा झाला की तेही जातं. लेकाने हात लावायचाच नाही असं नको, पण बरं होईपर्यंत लांब बाह्यांचा शर्ट आणि नंतर साबणाने हात धुणं पुरे.

झुणका_भाकर

मग दुकानदार म्हणतो तशी पावडर इतकी वाईट का? कुत्र्यांना तर चालते.

शिंग_खूर_शेपूट

झुणका भाऊ, कुत्र्याला चालतं ते सशाला चालतंच असं नाही. फिप्रोनिल हे कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरचं नेहमीचं औषध, सशांसाठी ते जीवघेणं ठरलेलं आहे. तसंच प्रतिजैविकांचं. कुत्र्याला जखम झाली की सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन गिनी पिग, ससा, हॅमस्टर यांना तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी जुलाबाने दगावतो. क्लिंडामायसिनचंही तेच. कातडीवरची छोटी जखम भरायला दिलेल्या गोळीने जनावर गेलं की मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.

म्हणून डॉक्टर शोधताना फोनवर सरळ विचारा: "तुम्ही गिनी पिगला तोंडावाटे कोणतं प्रतिजैविक देता?" उत्तरात अमॉक्सिसिलिन आलं तर दुसरा दवाखाना बघा.

पावसाची_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. हा फोनवरचा प्रश्न सोन्यासारखा आहे. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे, तिथे आधी विचारून घेतलंय.

आल्प्सची_वारी

झुरिकहून लिहितेय. इथे २००८ पासून नियमच आहे की गिनी पिग एकटा ठेवायचा नाही, जोडीने किंवा कळपानेच पाळायचा. तुमच्या दोघी एकत्र आहेत हे वाचून बरं वाटलं. आजारी आहे म्हणून भोपळीला वेगळं काढू नका, वैद्यांनी म्हटल्याप्रमाणे उपचार दोघींना होणारच आहेत आणि एकटेपणाने ती खाणं सोडेल.

आमच्या एका जोडीत एकीच्या पाठीवरचे केस कात्रीने कापल्यासारखे आखूड व्हायचे. खाली कातडी स्वच्छ, ना खपली ना कोंडा. दुसरी ते कुरतडायची. गवत दुप्पट केलं, लपायला दोन स्वतंत्र घरं दिली आणि थांबलं.

नाशिकचा_चिवडा

भर घालतो. आमची तीन वर्षांची मादी, दोन्ही कुशींवर एकसारखे केस गेले, खाज अजिबात नाही. आम्ही बुरशीच समजून चाललो होतो. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत गाठी निघाल्या. ऑपरेशन करून काढल्यावर केस परत आले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल आणि खाज नाही म्हटलं की कातडीच्या आत बघायचं.

आवळा_सुपारी

मूळ धाग्यात एक गोष्ट खटकली. ताई, सशाच्या गोळ्या गिनी पिगला पुरत नाहीत. ससा स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतो, गिनी पिगला आपल्यासारखंच ते खाण्यातून मिळावं लागतं. कमी पडलं की केस राठ होतात, कातडी कोंडाळते, जखम भरत नाही, सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. अशा अंगावर खरूज आणखी फोफावते. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारी आणि गाभण असेल तर वरच्या बाजूचं. रोज ढोबळी मिरचीची एक जाडसर फोड द्या, कोथिंबीर चालू ठेवा. गिनी पिगच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतलंही क जीवनसत्त्व साठवणीत घटत जातं, त्यामुळे तारीख बघून लहान पाकीट घ्या. पाण्यात थेंब टाकायचा सल्ला दुकानात देतात, पण पाण्यात ते लवकर नासतं आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

अवांतर: १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिच यांनी गिनी पिगांना नुसतं धान्य खायला घातलं आणि त्यांना खलाशांसारखाच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार, झाला. उंदरांना तो होत नाही. पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला त्याची वाट या प्राण्यांनी मोकळी करून दिली. आपण त्यांचं देणं लागतो असं मला खरंच वाटतं.

झुणका_भाकर

म्हणजे भोपळीने भोपळी मिरची खायची. दैवयोग! :)

हॅमी_हॅमी_हाय

धागा जरा वळवते, माफ करा. आमच्या सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही मांड्यांच्या वर एकेक काळा, ओलसर डाग आहे. केस बाजूला केले की दिसतो. कर्करोग आहे का? फार घाबरलेय.

शिंग_खूर_शेपूट

दोन्ही बाजूंना, एकाच ठिकाणी, सारखेच? मग त्या त्याच्या गंधग्रंथी आहेत, नरांमध्ये जास्त गडद असतात. त्याने तो आपला इलाका खुणावतो. शांत झोपा. एकाच बाजूची वाढायला लागली, रक्त आलं तर दाखवा. म्हाताऱ्या हॅमस्टरचे केस पाठीकडून जायला लागले, कोंडा आला तर मात्र लवकर दाखवा. त्यांच्यात डेमोडेक्स नावाचे किडे असतात आणि ते उसळले की बहुधा आत दुसरा काही आजार दडलेला असतो.

हॅमी_हॅमी_हाय

डॉक्टर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे आहेत.

साताऱ्याचा_शेतकरी

आम्ही ससेपालन करतो म्हणून सांगतो. सशाच्या कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर साचतात, ससा डोकं हलवतो, कान पाडतो. तो कानातला किडा. नवीन माणूस पहिलं काय करतो तर चिमट्याने ते थर ओढतो. अजिबात ओढू नये, खाली कातडी सोललेली असते आणि ससा दुखण्याने मरणप्राय होतो. औषध दिलं की थर आपोआप गळून पडतात. नाकावर, पंजांवर पांढऱ्या जाड खपल्या आल्या तर ती खरूज, ती कळपात झपाट्याने पसरते. नवीन आणलेला ससा आम्ही निदान तीन आठवडे लांबच्या पिंजऱ्यात ठेवतो आणि त्याला खाणं सगळ्यात शेवटी घालतो.

दुसरं, जाळीची फरशी. लोकांना सोपी वाटते, लेंड्या खाली पडतात. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. जाळीने ते झिजतात आणि टाचेला जखमा होतात. बसायला लाकडी फळी द्याच.

मागच्या हंगामात ऊस तोडताना रानसशाचं पिलू सापडलं, अंगावर गोचिडं. मजूर म्हणत होते घरी पाळा.

वनवाटा

शेतकरी दादा, रानससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, पाळता येत नाही. बहुतेक वेळा पिलू अनाथही नसतं. आई दिवसभर लांब राहते आणि फक्त पाजायला येते, म्हणून जवळच्या बांधावर आडोशाला ठेवणं उत्तम. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

साताऱ्याचा_शेतकरी

बांधावरच ठेवलं होतं. संध्याकाळी जागेवर नव्हतं, आईने नेलं असावं.

रत्नागिरी_मेल

पावसाळ्याचा विषय निघालाय म्हणून हे लिहितेच, कारण याने माझ्या बहिणीचा ससा गेला. बाल्कनीत होता, जाड होता, मागचा भाग स्वतः साफ करू शकत नव्हता. शेपटीखाली ओलसर घाण राहिली, माश्यांनी अंडी घातली आणि एका दिवसात अळ्या झाल्या. शेजारच्यांनी टर्पेंटाइन ओतायला सांगितलं, जनावरांच्या जखमेत ओततात तसं. ससा त्याच रात्री गेला. पावसाळ्यात दिवसातून दोनदा उलटा करून मागची बाजू बघा. अळ्या दिसल्या तर घरी काहीही ओतू नका, रिक्षा पकडा आणि दवाखाना गाठा.

शिंग_खूर_शेपूट

प्रत्येक शब्दाशी सहमत. सशामध्ये अळ्या पडणं म्हणजे तासांचा खेळ असतो.

परळ_गिरणगाव

मी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. हे प्राणी आपल्या दमट फ्लॅटमध्ये आणावेतच कशाला? गिनी पिग अँडीज पर्वतातला. मुंबईच्या हवेत त्याचे हाल. मूल हट्ट करतं, दुकानदार पाचशे रुपयांत देतो आणि नंतर त्याला बघणारा डॉक्टर सापडत नाही.

पावसाची_सर

राग नाही. पण भोपळी आणि तीळगूळ आता आमच्या घरच्या आहेत आणि त्यांचं नीट करणं एवढंच माझ्या हातात आहे.

मनूची_आई

परळकर, दुकानांबद्दल तुमच्याशी सहमत. दुकानात नर-मादी एकत्र कोंबतात, ओल्या लाकडी भुश्यावर ठेवतात, गाभण माद्या खरजेसकट विकतात. नियम तिथे हवेत. ज्यांच्याकडे प्राणी आधीच आहेत त्यांनी काय करायचं हे या धाग्यात लिहिलं जातंय, म्हणून तो मोलाचा.

पावसाची_सर

दाखवून आले! डॉक्टरांनी दोन ठिकाणी कातडी खरवडली आणि सूक्ष्मदर्शकात मलाही बघायला दिलं. गोलसर किडा, आखूड पाय, हलत होता. खरूजच आहे. दोघींचं वजन करून औषध दिलं, पुढची तारीख दिली, दुखण्यासाठी वेगळं औषध दिलं. गजकर्णासाठी केसांचा नमुनाही घेतलाय, त्याला वेळ लागेल म्हणाले. मुख्य म्हणजे भोपळीचं वजन कमी झालंय. म्हणून रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहायला सांगितलंय आणि ती स्वतःहून खात नसेल तर गवताच्या गोळ्या भिजवून सिरिंजने भरवायच्या आहेत. नखं कापून दिली, खाजवून जखम वाढू नये म्हणून. ढोबळी मिरची दोघींनी कडाकडा संपवली.

एक शंका राहिली. पिंजऱ्यातलं लाकडी घर आणि कापडी अंथरुणं यांचं काय करू? फिनाइलने धुवू का?

शिंग_खूर_शेपूट

खूप बरं वाटलं. फिनाइल नको, त्याची वाफ आणि अंश दोन्ही या प्राण्यांना त्रास देतात. कापडं गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा. सध्या ऊन नाही, तर इस्त्री फिरवा. प्लॅस्टिकचा तळ गरम पाणी आणि साबणाने, लघवीचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. लाकडी घराच्या फटी साफ होत नाहीत, ते टाकून द्या आणि उपचार संपेपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं वापरून दर दोन-तीन दिवसांनी बदला. प्रत्येक डोसच्या दिवशी पूर्ण सफाई.

आंघोळ घालू नका. डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि मग पूर्ण कोरडं करून.

संत्रानगरी

नागपुरात कोणी आहे का? माझ्या सशाच्या दोन्ही कानांत वर लिहिलेत तसेच थर दिसतायत. आत्ताच बॅटरी लावून पाहिलं.

शिंग_खूर_शेपूट

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात दाखवा. थर काढू नका, कानात तेल घालू नका. घरात दुसरा ससा असेल तर त्यालाही सोबत न्या, आणि वाटेत खायला गवत ठेवा. सशाचं पोट रिकामं राहता कामा नये.

संत्रानगरी

दुसरा आहे. दोघांना घेऊन सकाळीच निघते.